सात जिभांचा पादरी

नमस्कार मंडळी. आज ज्या माणसाबद्दल बोलायचंय त्याचं आडनाव फ्रेंच पण माणूस पक्का इंग्रज, थॉमस व्हाल्पी फ्रेंच, जन्म 1825 चा, लाहोरचे पहिले बिशप. आता कोणी म्हणेल अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या सरकारी चर्चचा, बिशप म्हणजे काय, साहेबाच्या राज्यातला मोठा पगारदार अधिकारी, आणि ते चूक नाहीये, बरेचसे तसेच होते. हा माणूस मात्र मला जन्मभर विद्यार्थीच वाटतो.

ऑक्सफर्डची फेलोशिप मिळालेली, तरी चर्च मिशनरी सोसायटीतर्फे, म्हणजे बायबल आणि धर्मप्रचारावर भर देणाऱ्या इव्हँजेलिकल लोकांच्या संस्थेतर्फे, ते आग्र्याला आले. तिथे त्यांनी उभं केलेलं सेंट जॉन्स कॉलेज आजही चालू आहे. पण फक्त इंग्रजीत शिकवून यांचं समाधान होईना. उर्दू, हिंदी, फारसी, अरबी, संस्कृत, पुढे पंजाबी आणि पश्तो, एक झाली की दुसरी, म्हणून लोक त्यांना हफ्त-जबान, म्हणजे सात जिभांचा, पादरी म्हणायचे.

एप्रिल 1854 मधे आग्र्यात ख्रिस्ती आणि मुस्लिम विद्वानांचा एक मोठा वादविवाद झाला, मला स्वतःला हा प्रसंग सगळ्यात जास्त आवडतो. एका बाजूला जर्मन मिशनरी फांडर आणि मदतीला तरुण फ्रेंच, समोर मौलाना रहमतुल्ला कैरानवी आणि त्यांच्यासोबत डॉक्टर वझीर खान. मिशनऱ्यांना वाटलं असणार की समोरचे जुन्या पद्धतीने बोलतील, पण वझीर खान युरोपातल्याच बायबल-अभ्यासकांची पुस्तकं वाचून आलेले! बायबलच्या प्रतींमधे काही ठिकाणी पाठभेद आहेत हे फांडरना भर सभेत कबूल करावं लागलं आणि दोन दिवसांत वाद संपला. मुस्लिम बाजूने तो आपला विजय मानला, आणि खरं सांगायचं तर तसं मानायला जागा होतीच.

मग आलं 1857. आग्र्याच्या किल्ल्यात गोरे लोक आश्रयाला गेले, पण हिंदी ख्रिस्ती लोकांना आत घ्यायला अधिकारी तयार नव्हते. फ्रेंच म्हणाले, ते बाहेर राहणार असतील तर मीपण त्यांच्याबरोबर बाहेरच राहतो. शेवटी घेतलं आत सगळ्यांना. एका देवाची लेकरं वगैरे रविवारी बोलायला सोपं असतं हो, किल्ल्याच्या दारात उभं राहून बोलायला छाती लागते.

तब्येत वारंवार बिघडायची, इंग्लंडला जायचं, परत यायचं, असं चाललेलं. मधे 1862 ला सिंधूपलीकडच्या डेराजातमधे मिशन सुरू केलं. 1870 ला लाहोरला महाँसिंगच्या बागेत डिव्हिनिटी स्कूल, म्हणजे पाळक घडवणारी शाळा, काढलं, आणि तिथे शिकवायचं माध्यम उर्दू ठेवलं, हिब्रू आणि ग्रीकसुद्धा उर्दूतून! इथल्या पाळकाने साहेबाची नक्कल करू नये, आपल्या लोकांत आपल्यासारखाच राहावा, हा त्यामागचा विचार. मातृभाषेतून शिक्षण म्हणून आपण आज भांडतोय ना, बघा आता.

1877 ला बिशप झाले. पंजाब आणि सिंध एवढा मोठा धर्मप्रांत, सतत प्रवास. लाहोरचं कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, जानेवारी 1887 मधे पूर्ण करून घेतलं आणि त्याच वर्षी राजीनामा. माणूस थकलाय, आता इंग्लंडात बागेत बसेल असं कोणालाही वाटेल. पण नाही, ते अरबी पक्की करायला निघाले मध्यपूर्वेत!

युगांडातल्या मॅके नावाच्या मिशनऱ्याने आवाहन केलं होतं की मस्कतला कोणीतरी जा. तरुण कोणी पुढे येईना, चर्च मिशनरी सोसायटीचीही तयारी नव्हती, म्हणून वयाच्या 66 व्या वर्षी हे स्वतःच्या जबाबदारीवर गेले. फेब्रुवारी 1891. बिशपचा थाट नाही, मागे संस्था नाही, बाजारात बसून अरबीत वाचून दाखवायचं, कोणी ऐकायचं, कोणी हाकलायचं. मग उन्हाळ्याच्या तोंडाला आतल्या भागात जायचं म्हणून मस्कतजवळच्या सीब गावाला गेले, आणि तिथला उन्हाळा काय असतो ते मस्कतला नोकरी केलेल्या आपल्या लोकांना विचारा. आजारी पडले, परत आणलं, आणि 14 मे 1891 ला वारले. मस्कतमधे जेमतेम तीन महिने.

किती लोकांचा बाप्तिस्मा झाला असं विचाराल तर मस्कतमधे सांगण्यासारखं काही नाही. धर्मांतराबद्दल आपल्याकडे जी चीड आहे ती मला माहीत आहे, आणि राज्यकर्त्यांच्या सावलीत धर्मप्रचार हा प्रश्न आहेच, तो मी झाकत नाही. पण निदान मस्कतला तरी हा माणूस ती सावली मागे ठेवून गेला होता.

दोन वर्षांनी, 1893 ला, पीटर झ्वेमर नावाचा अमेरिकन तरुण मस्कतला काम सुरू करायला आला. फ्रेंच यांची कबर तिथेच आहे, डोंगरांच्या मधल्या एका छोट्या खाडीत, समुद्राच्या अगदी काठाला.