मुंबई ओपन: मधल्या वर्षांचा हिशोब

(रत्नागिरीत दिलेलं व्याख्यान. बोललो तसंच ठेवलंय, थोडी काटछाट केली आहे.)

मोहोरावरची फवारणी टाकून एवढी मंडळी टेनिसवर ऐकायला आलीत, तेही विम्बल्डनवर नाही तर मुंबई ओपनवर, म्हणजे एक तर तुम्हाला विषय आवडतो नाही तर नंतरचा चहा. असो. मुंबई ओपन घेतली कारण ती आपल्या किनाऱ्यावरची स्पर्धा आहे. हसू नका, मुंबई कोकणातच येते, आणि ही स्पर्धा जिथे होते तो सीसीआय, म्हणजे ब्रेबर्न स्टेडियमवाला क्लब, चर्चगेटजवळ समुद्रात भर घालून केलेल्या जमिनीवर उभा आहे. याहून किनाऱ्यावरची स्पर्धा कुठून आणायची?

आधी ही स्पर्धा कुठल्या लेव्हलची ते बघू, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. बायकांच्या टेनिसमध्ये सगळ्यात वर चार ग्रँड स्लॅम, मग डब्ल्यूटीएच्या, म्हणजे बायकांच्या टेनिस संघटनेच्या, १०००, ५०० आणि २५० वाल्या स्पर्धा (आकडा म्हणजे जिंकणारीला मिळणारे रँकिंगचे पॉइंट), त्याखाली १२५, आणि त्याच्याही खाली आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, जिथे गावोगाव फिरून पोरी एकेक पॉइंट गोळा करतात. मुंबई ओपन १२५ वाली. टीव्हीवर फारशी दिसत नाही, पेपरात आली तर क्रिकेटच्या खाली चार ओळी. पुरुषांकडे ह्या लेव्हलला चॅलेंजर म्हणतात आणि ते १९७८ पासून चालू आहे. बायकांना मात्र असा मधला टप्पा मिळायला २०१२ साल उजाडलं. चौतीस वर्षं उशीर! याच्यावर कोणी बोलत नाही म्हणून मी बोलून घेतलं.

त्या २०१२ मध्ये जगात अशा दोनच स्पर्धा झाल्या, एक तैपेईला आणि दुसरी पुण्याला. हो, पुण्याला, बालेवाडीत, रॉयल इंडियन ओपन नावाने. फायनलला एका बाजूला अठरा वर्षांची एलिना स्वितोलिना आणि दुसऱ्या बाजूला बेचाळीस वर्षांची किमिको दाते-क्रुम. दातेबाई १९९५ मध्ये जगात चौथ्या होत्या, १९९६ ला विम्बल्डनची सेमी खेळल्या, त्याच वर्षी रिटायर झाल्या, आणि बारा वर्षांनी २००८ मध्ये परत आल्या. म्हणजे बाई पहिल्यांदा रिटायर झाल्या तेव्हा समोरची पोरगी दोन वर्षांची होती. पोरगीने ६-२, ६-३ ने मॅच काढली. पुढे ती ऑलिम्पिकचं ब्राँझ घेऊन आली, विम्बल्डनच्या दोन सेमी खेळली, २०१८ ची डब्ल्यूटीए फायनल्स जिंकली.

आणि पुण्यात त्यानंतर ती स्पर्धा झालीच नाही. एकदाच झाली आणि संपली.

माझं आजचं सगळं म्हणणं ह्या एका गोष्टीवर आहे म्हणून इथे थोडा थांबतो. आपल्याकडे स्पर्धा भरवणं जमतं, उद्घाटन जमतं, नारळ जमतो, बॅनर तर फारच छान जमतात. सलग भरवणं जमत नाही. मुंबईचंच बघा, २००६ आणि २००७ ला ह्याच सीसीआयवर एटीपी टूरची, म्हणजे पुरुषांच्या मुख्य टूरची, स्पर्धा झाली होती. पहिल्या वर्षी तुर्सुनोव्हने बर्डिचला हरवलं, दुसऱ्या वर्षी गॅस्केने ऑलिव्हर रोखुसला. टायटल स्पॉन्सर एक विमान कंपनी होती. आधी स्पर्धा गेली, नंतर काही वर्षांनी विमानंही गेली. चेन्नईची जुनी स्पर्धा २०१८ ला पुण्याला आणली तेव्हा आम्ही सगळे खूश, पण २०२३ नंतर तीही गेली. म्हणजे आज महाराष्ट्रात वरच्या लेव्हलचं काही नाही, आहे ते हे मधलं, पुण्याचं चॅलेंजर आणि मुंबईची ही १२५.

आता मुंबई ओपन. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाली. तो काळ लक्षात घ्या, टेनिसचं वर्ष तेव्हा संपलेलं असतं, मोठ्या खेळाडू सुट्टीवर, आणि ज्यांचं रँकिंग शंभरच्या आसपास अडकलेलं असतं त्या मात्र शेवटचे पॉइंट शोधत फिरत असतात. कारण ग्रँड स्लॅममध्ये १२८ जागा असतात, त्यातल्या १०४ थेट रँकिंगवर, १६ क्वालिफायिंगमधून, म्हणजे आधीच्या पात्रता फेऱ्यांतून, आणि ८ वाइल्ड कार्ड, म्हणजे आयोजक आपल्या मर्जीने देतात त्या. ऑस्ट्रेलियन ओपनची यादी डिसेंबरच्या सुरुवातीच्या रँकिंगवर लागते. म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली स्पर्धा ही त्या यादीच्या अगदी तोंडाशी. शंभरावी असलीस तर मेलबर्नला थेट मेन ड्रॉ, म्हणजे मुख्य स्पर्धा, पहिल्याच मॅचला हरलीस तरी वर्षाचा बराच खर्च निघतो, आणि एकशेपंधरावी असलीस तर क्वालिफायिंगच्या तीन मॅच खेळून मग बघू. पंधरा नंबरात केवढा फरक बघा.

अशा त्या पहिल्या वर्षी आली एकोणीस वर्षांची आर्यना साबालेंका. पंधरा दिवसांपूर्वीच मिन्स्कला फेड कपच्या, म्हणजे बायकांच्या देशादेशांमधल्या स्पर्धेच्या, फायनलमध्ये तिने त्या वर्षीची यूएस ओपन चॅम्पियन स्लोन स्टीफन्स हिला हरवलं होतं, आणि त्यानंतर मुंबईला. फायनलला स्लोव्हेनियाची दालिला याकुपोविच, ६-२, ६-३. ती फायनल बघायला आमच्यातले काही जण गेले होते, मी पण होतो, आणि खरं सांगायचं तर माझ्या लक्षात स्कोअर नाही राहिला, आवाज राहिला. तिचा ओरडण्याचा नाही हो, तो नंतर सगळ्या जगाने ऐकला. बॉल रॅकेटला लागण्याचा. आपण क्लबात खेळतो तेव्हा टप्प असा येतो, तिचा यायचा तो फटाका फुटावा तसा, आणि माझ्या बाजूला बसलेले एक आजोबा प्रत्येक फोरहँडला डोळे मिटत होते. पुढे ती नंबर एक झाली, २०२३ आणि २०२४ ची ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, २०२४ आणि २०२५ ची यूएस ओपन जिंकली. आम्ही ‘बघितली होती चर्चगेटला’ म्हणून अजून मिरवतो.

२०१८ ला थायलंडची लुक्सिका कुमखुम जिंकली, रशियाच्या ख्रोमाचेवाविरुद्ध पहिला सेट १-६ घालवून. आणि मग बंद. २०१९ नाही, २०२०-२१ ला कोरोनाच होता ते सोडा, २०२२ नाही, २०२३ नाही. परत आली ती २०२४ च्या फेब्रुवारीत.

हिशोब करा. २०१८ ला चौदा वर्षांची जी पोरगी स्टँडमध्ये बसून बघत होती आणि जिला पुढच्या एकदोन वर्षांत घराजवळ वाइल्ड कार्ड मिळालं असतं, ती २०२४ ला वीस वर्षांची झाली. टेनिसमध्ये चौदा ते वीस ही वर्षं गेली म्हणजे सगळंच गेलं. परदेशात जाऊन खेळायचं तर तिकीट स्वतःचं, कोचचं तिकीट स्वतःचं, रॅकेटची स्ट्रिंग बदलायची तर तेही खिशातून. घराजवळ स्पर्धा असली की हा खर्च वाचतो आणि समोर मात्र बाहेरच्याच खेळाडू येतात.

२०२४ ची तारीख बदलली त्याने स्पर्धेचा स्वभाव पण बदलला. आता ती ऑस्ट्रेलियन ओपननंतर येते, मोठ्या खेळाडू तेव्हा अबुधाबी, दोहा, दुबई अशा निघालेल्या असतात आणि ज्यांना तिथे प्रवेश नाही त्या मुंबईला येतात. शिवाय फेब्रुवारीची हवा नोव्हेंबरपेक्षा बरी, हे मी मुंबईबद्दल बोलतोय, आपल्याकडे दोन्ही वेळा घामच. त्या वर्षी लात्व्हियाची दार्या सेमेनिस्ताया जिंकली, समोर ऑस्ट्रेलियाची स्टॉर्म हंटर, जी डबल्सला जगात नंबर एक राहिलेली. सेमेनिस्तायाचा पहिला सेट गेला, दुसरा तिने टायब्रेकला काढला, तिसरा ६-२.

२०२५ ला स्वित्झर्लंडची यिल टाइश्मान जिंकली. ही एकेकाळी एकविसावी होती, २०२१ ला सिनसिनाटीची फायनल खेळलेली, मग रँकिंग घसरलं आणि ती परत वर यायच्या वाटेवर मुंबईत आली. म्हणून मी म्हणतो की १२५ ची स्पर्धा म्हणजे पनवेल स्टेशन आहे, इथे मुक्कामाला कोणी येत नाही, सगळ्यांना गाडी बदलायची असते, कोणाला वर जायची, कोणाची खाली येताना हुकलेली. पनवेलकरांनी रागवू नये.

त्याच २०२५ च्या स्पर्धेत कोइम्बतूरची पंधरा वर्षांची माया राजेश्वरन क्वालिफायिंगमधून आली आणि सरळ सेमीफायनलपर्यंत गेली, तिथे टाइश्मानने थांबवलं. मला ह्या स्पर्धेच्या इतिहासात साबालेंकापेक्षा हे जास्त महत्त्वाचं वाटतं. साबालेंका मुंबईत नाही आली तर दुसरीकडे कुठेतरी जिंकली असती. मायाला मात्र भारतात ह्या लेव्हलची स्पर्धा होती म्हणून पंधराव्या वर्षी त्या मॅच मिळाल्या. २०१८ ला झालेली स्पर्धा आठवायची तर माया तेव्हा आठनऊ वर्षांची होती.

आणि आपल्या प्रार्थना ठोंबरेचं कोणी सांगत नाही. बार्शीची मुलगी. २०१४ च्या एशियाडला सानिया मिर्झाबरोबर ब्राँझ, २०१६ ला रिओ ऑलिम्पिक. मुंबईत २०२४ ला ती डबल्सच्या फायनलला होती, नेदरलँड्सच्या हार्टोनोबरोबर, आणि हरली. समोर कोण होतं माहितीये? तीच याकुपोविच, जी २०१७ ला सिंगल्सची फायनल साबालेंकाकडून हरली होती. सहा वर्षांनी त्याच क्लबात येऊन डबल्सचा कप घेऊन गेली. प्रार्थना आणि हार्टोनो २०२५ ला परत फायनलला, परत हरल्या. लोक म्हणतील दोनदा हरली त्यात काय सांगायचं. अहो, सलग दोन वर्षं स्पर्धा झाली म्हणून दोनदा हरता तरी आलं!

पुरुषांचं एकच सांगतो. २०२४ च्या फेब्रुवारीत पुण्याचं चॅलेंजर मोनॅकोचा व्हॅलेंटिन वाशरो जिंकला. पुढच्या वर्षी ऑक्टोबरला रँकिंग २०४, क्वालिफायिंगमधून शांघाय मास्टर्सला, म्हणजे पुरुषांच्या १००० वाल्या स्पर्धेला, घुसला, सेमीत जोकोविचला हरवलं, फायनलला स्वतःच्या मावसभावाला. बालेवाडीत त्याची मॅच बघायला किती माणसं होती ते विचारू नका.

मघाशी आत येताना पहिल्या रांगेतल्या काकांनी विचारलं, “मग ह्याचा आमच्या पोरांस काय उपयोग?” बरोबर आहे. आपल्याकडे चार महिने कोर्टावर शेवाळ असतं, कोच मिळत नाही, मिळाला तर मुंबईला पळतो. मुंबई ओपनने रत्नागिरीत कोर्ट होणार नाही. पण एक करा, पोरांना फायनलला नेऊ नका. मेन ड्रॉच्या आधी क्वालिफायिंग असतं, तेव्हा न्या, मांडवीने जा, सीएसएमटीवरून चर्चगेट चालत जवळ आहे. बाहेरच्या कोर्टवर जाळीला नाक लावून उभं राहता येतं. तीनशेव्या नंबरची खेळाडू सर्व्हिसच्या आधी काय करते, डबल फॉल्ट झाल्यावर काय करते, हरल्यावर बॅग कशी भरते, हे टीव्हीवर दाखवत नाहीत. आणि डबल्सची मॅच सोडू नका, व्हॉली तिथेच शिकायला मिळते, आपल्या पोरांचा नेटजवळचा खेळ अगदीच कच्चा आहे, हे मी त्यांच्या आईवडिलांसमोर बोलतोय, चालेल ना?

आता काकांनी दुसरा प्रश्न विचारायच्या आधी चहा सांगा कोणीतरी.