हरिहरेश्वरला निघताना तिथी पाहा

श्रोतेहो, नमस्कार.

शनिवार-रविवार जोडून कोकणात जायचं ठरलं, की घरात पहिली चौकशी सुरू होते ती खोलीची. एसी आहे का, गाडी लावायला जागा आहे का, जेवणात मासे मिळतील का. हरिहरेश्वरला जाणार असाल तर मी म्हणेन, खोलीचं नंतर बघू, आधी पंचांग उघडा.

रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्यातलं हे गाव, सावित्री नदी समुद्राला मिळते तिथलं. हरिहरेश्वर हे पेशव्यांचं कुलदैवत. बाळाजी विश्वनाथ शेजारच्या श्रीवर्धनचेच. दर्शन घ्यायचं ते आधी काळभैरवाचं, मग हरिहरेश्वराचं आणि पुन्हा काळभैरवाचं. आमच्याकडे हा क्रम आई कुणाला मोडू देत नाही. मुलांचा जीव मात्र प्रदक्षिणेत अडकलेला.

कारण ही प्रदक्षिणा गाभाऱ्याभोवतीची नाही, अख्ख्या डोंगराला घातलेली आहे. देवळामागून थोडं चढायचं, मग कड्यांमधल्या चिंचोळ्या फटीतून पायऱ्या उतरायच्या, की समोर एकदम समुद्र. पुढची वाट खडकांवरून, कड्याच्या पायथ्याशी. इथे मोठ्यांनीही घाई करू नये. कड्याचा दगड नीट पाहा. मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडलेली दिसेल, काही भोकांत बोट जाईल, काहींत अख्खी मूठ. लाटांचे तुषार दगडात मुरतात, उन्हानं पाणी उडतं आणि आत राहिलेल्या मिठाचे स्फटिक वाढता वाढता दगडाचा कण न् कण सुटा करतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हाचा काळा पत्थर, त्याला मिठानं पोखरलाय! पायाखालच्या खळग्यांत पाणी साठलेलं असतं. तिथे दोन मिनिटं सावली न पाडता बसलं, की दडलेले खेकडे बाहेर येतात. आमच्या धाकटीला इतका वेळ गप्प बसलेली मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

पण ही वाट मोकळी असते ती ओहोटीतच, म्हणून पंचांग. किनाऱ्यावरची जुनी माणसं तोंडी हिशेब करतात: तिथीची पाऊणपट केली, की भरतीची साधारण वेळ येते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणजे ओहोटी भर दुपारी. शिवाय भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीत फारसा फरक नसलेले दिवस असल्यानं पाणी फारसं उतरतही नाही. माझी आवडती तिथी तृतीया, शुद्ध असो वा वद्य. भरती रात्री सव्वादोनला, ओहोटी सकाळी साडेआठच्या आसपास. उधाण नुकतंच होऊन गेलेलं, त्यामुळे पाणी चांगलं लांब गेलेलं आणि ऊन कोवळं. हिशेब ढोबळ आहे. निघण्याआधी भरती-ओहोटीचा तक्ता बघा आणि गावात विचारून घ्या.

एक मात्र कळकळीनं सांगते. या खडकांवरून लाटेनं माणसं ओढून नेलेली आहेत. पाणी चढायला लागलं की फोटो राहू देत, माघारी फिरा. शेवाळाच्या हिरव्या खडकावर पाय ठेवू नका. पावसाळ्यात तर या वाटेचं नावच काढू नका, देवळातूनच नमस्कार करा.

जेवणाची चिंता नको. घरगुती खानावळी आहेत. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगून ठेवा.

आणि परतीची घाई नसेल, तर बागमांडल्याला जाऊन गाडीसकट जंगलजेटीत, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या फेरीबोटीत चढा. सावित्रीच्या पलीकडे वेश्वीला उतरलं, की रत्नागिरी जिल्हा लागतो आणि तिथून बाणकोटचा किल्ला जवळच. नदी ओलांडायला फार वेळ लागत नाही, तेव्हा काचा लावून गाडीत बसून राहू नका, मुलांना घेऊन कठड्यापाशी या.