अकरावं बोंड

[दृश्य: बदनापूर तालुका, जिल्हा जालना. कपाशीचं रान, सकाळचं ऊन.]

निवेदन:
कपाशी कमरेला लागलीय. एक माउली वाकून हिरवं बोंड तोडते, भुईमुगाची शेंग टिचवावी तसं टिचवते, आत बघते आणि टाकून देते. बोंड वरून हिरवंगार असतं, गुलाबी अळी आत सरकीत बसलेली. म्हणून एकरी वीस बोंडं फोडून बघायची. दोन किडकी निघाली की फवारणी.

मागच्या ओळीत तिचा मुलगा आहे. मुंबईच्या हँगरमध्ये विमानांच्या देखभालीचा इंजिनिअर, सुट्टीवर आलेला. वरून धड दिसणाऱ्या वस्तूत बिघाड शोधायचा, हेच त्याचंही काम. हातात बोंडाऐवजी टॉर्च आणि दांडीचा आरसा.

आई म्हणते, "धा बोंडं चांगली निघाली ना बाळा, की अकरावं नीट बघणं होत नाही."

तो तिच्याकडे बघतच राहतो. हे त्यानं अपघाताच्या अहवालात वाचलेलं आहे.

[दृश्य: छत उडालेल्या विमानाचं छायाचित्र.]

निवेदन:
२८ एप्रिल १९८८. अलोहा एअरलाइन्सचं बोइंग ७३७ हवाई बेटांतल्या हिलोहून होनोलुलूला निघालं होतं. २४,००० फुटांवर छताचा अठराएक फुटांचा पत्रा उडाला. एक हवाई सुंदरी बाहेर फेकली गेली, ती सापडलीच नाही. वैमानिकांनी ते उघडं विमान माउई बेटावर उतरवलं. उरलेले ९४ जण वाचले.

या विमानाची ८९,६८० उड्डाणं झाली होती. प्रत्येक उड्डाणात आतल्या हवेच्या दाबानं विमानाचं अंग किंचित फुगतं आणि उतरल्यावर पूर्ववत होतं. त्यात समुद्राची खारी हवा. पत्र्यांच्या सांध्यात, पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या म्हणजे रिव्हेटच्या भोकांपाशी, बारीक भेगा पडत गेल्या. विमानात चढताना एका प्रवासी बाईंना दाराजवळ चीर दिसलीही होती, पण त्या कुणाला बोलल्या नाहीत. देखभालीच्या तपासणीतही त्या भेगा सुटल्या.

अशा वेळी आपल्याकडे 'निष्काळजीपणा' हा शब्द फार लवकर तोंडात येतो. आधी ते काम बघा. रात्रीची वेळ. विमानाच्या पाठीवर चढलेला माणूस, पडू नये म्हणून कधी छताच्या तुळईला बांधलेला दोर. हातात दिवा. एका रिव्हेटच्या चारी बाजू बघायच्या, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या, शेकड्यांनी. अपघाताच्या अहवालानं हे मान्य केलंय: एकामागून एक रिव्हेट बरे निघत गेले की पुढचाही बराच असणार, असं मन धरून चालतं.

मराठवाड्यात विमान अपघात म्हटलं की चिकलठाणा विमानतळ आठवतो. २६ एप्रिल १९९३ ला उड्डाण घेणारं विमान धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं. ५५ माणसं गेली. ती चूक उड्डाणाच्या त्या काही क्षणांतली होती. देखभालीतली चूक वर्षानुवर्षं विमानाबरोबर उडत राहू शकते. जपानच्या एका जंबो जेटच्या शेपटीकडच्या, आतल्या हवेचा दाब धरून ठेवणाऱ्या धातूच्या पडद्याची दुरुस्ती १९७८ साली चुकीची झाली. पडदा फाटला १९८५ मध्ये. ५२० माणसं गेली.

[दृश्य: बांधावर बसलेला मुलगा.]

निवेदन:
तो स्वतःचं सांगतो.

"पहाटेचे चार वाजले होते. पॅनेलच्या आत एका बोल्टला स्प्लिट पिन, म्हणजे नट निसटू नये म्हणून घालतात ती, नव्हती. मी आरसा घालून बघितलं होतं, पिन दिसली असं मला अगदी वाटलं होतं. सही करून मोकळा झालो. ड्युप्लिकेट इन्स्पेक्शनला आलेल्या सरांनी ती जागा बोटानं चाचपली आणि मला हाक मारली. रागावले नाहीत. टॉर्च माझ्या हातात देऊन म्हणाले, आता तू बघ."

जीव टांगणीला लागेल अशा जागी, जसं विमानाच्या नियंत्रणाच्या यंत्रणेत, एकाचं काम दुसऱ्यानं स्वतंत्रपणे तपासायचं, असा नियमच आहे. पण दुसऱ्याला चूक सापडल्यावर पहिल्याची नोकरी जाणार असेल, तर पुढच्या वेळी चूक सांगणार कोण? सर त्या रात्री रागावले नाहीत, हे आम्हाला त्या पिनेइतकंच मोलाचं वाटतं.

[दृश्य: पुन्हा रान. ऊन चढलेलं.]

निवेदन:
त्याची वीस बोंडं फोडून झाली. एकच किडकं निघालं. आई काही बोलत नाही. त्यानं टाकलेली बोंडं वेचून ओच्यात घेते, बांधावर बसते आणि एकेक पाकळी पुन्हा उलगडते. बाराव्या बोंडाशी तिचा हात थांबतो.

"हे बघ. सरकीच्या मागं."

तो वाकून बघतो. मग उठतो आणि फवारणीचा पंप आणायला घराकडे निघतो.