नांगर पोचण्याआधी

नमस्कार श्रोतेहो. कॅनडातल्या सस्काचेवान प्रांताचा नकाशा उघडलात तर रेजायना शहराच्या वायव्येला एक लांबट निळी रेघ दिसेल. हे लास्ट माउंटन सरोवर. लांबी नव्वद किलोमीटरच्या आसपास, रुंदी मात्र बेताचीच. हिमयुग सरताना वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने ही दरी कोरली. तिथले क्री लोक सांगतात की, देवाने इथली माती उपसून शेजारच्या टेकड्या रचल्या.

उत्तरेच्या टोकाला पाणी उथळ होत पसरतं. बेटं, चिखल, लव्हाळी. क्रौंच पक्षी रात्री उथळ पाण्यात उभे राहूनच झोपतात. कोल्हा-कायोटी आला तर पाण्यामुळे त्याची चाहूल आधी लागते.

१८८० च्या दशकात या गवताळ मुलुखात रेल्वे येत होती. दहा डॉलर भरा, १६० एकर जमीन घ्या, असा सरकारी कायदाच होता. किनारा नांगराखाली जाणार हे उघड होतं. तेव्हा तिथले लेफ्टनंट गव्हर्नर एडगर ड्यूडनी यांनी उत्तर टोकाची सुमारे २,५०० एकर जागा पक्ष्यांसाठी वगळायला सांगितली. १८८७ च्या जूनमध्ये तसा हुकूम निघाला. केंद्र सरकारने राखलेलं उत्तर अमेरिकेतलं हे पहिलं पक्षी अभयारण्य.

आता एक कडू गोष्ट. याच ड्यूडनींच्या कारभारात मूळ रहिवाशांना राखीव वस्त्यांत कोंडलं गेलं, उपासमारीच्या दिवसांत त्यांचा शिधा तोडला गेला. बदकांना जागा मिळाली, माणसांची गेली. अभयारण्याचं कौतुक करताना मला हे गिळून टाकता येत नाही.

पुढे १९८२ मध्ये सरोवराचं नाव रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत गेलं. आपलं नाशिकजवळचं नांदूर मधमेश्वरही नंतर त्याच यादीत पोचलं. लास्ट माउंटन सरोवरावर शरद ऋतूत हजारो करडे क्रौंच उतरतात आणि कधीमधी पांढरा व्हूपिंग क्रेनही. १९४१ च्या सुमारास हा पक्षी जगात जेमतेम वीस-बावीस उरला होता.

पण हजारो पक्षी म्हणजे हजारो चोची, आणि शेजारी गहू-बार्लीची शेतं! आपल्याकडे राखणदार माळ्यावर चढून गोफण फिरवतो. तिथे राखीव क्षेत्रात काही तुकडे मुद्दाम धान्य पेरून पक्ष्यांसाठी सोडतात. शेतकऱ्याचा गहू वाचावा म्हणून केलेली ही पेरणी. तिची कापणी कुणी करत नाही.