शेंड्यावरचा पेला

(दृश्य: लगूनचा तळ, फांद्यांची दाटी)
लक्षद्वीपचं उथळ लगून, म्हणजे प्रवाळभिंतीआडचं पाणी. तळावर सांबरशिंगांसारख्या फांद्यांच्या प्रवाळांचं रान माजलंय. याचं नाव सांगायचं तर रंग आधी डोक्यातून काढून टाका. एकाच जातीची एक वसाहत तपकिरी, शेजारची निळसर असू शकते. आकारही फसवतो. शांत पाण्यात लांब, सडपातळ वाढणारी जात लाटांच्या माऱ्यात आखूड आणि जाड होते.

(दृश्य: शेंडा, अगदी जवळून)
बघायचं ते इथे. शेंड्यावर एकच ठळक पेला, म्हणजे प्रवाळाच्या एका जिवाची वाटीसारखी खोबण. तो पुढे वाढत जातो, बाजूचे पेले मागे फुटत राहतात. हे दिसलं की प्रजाती, म्हणजे जातींचा गट, अॅक्रोपोरा. पोसिलोपोरा या दुसऱ्या प्रजातीच्या फांदीवर फोडांसारखे उंचवटे असतात आणि त्या उंचवट्यांवरही पेले. शेंड्याला असा वेगळा पेला नसतो. शेंडा पांढुरका आहे म्हणून लगेच विरंजन, म्हणजे ताणामुळे रंग जाणं, म्हणू नका. ती कोवळी वाढ आहे, तिथे प्रवाळाला रंग देणारं शैवाल अजून पुरतं पोचलेलं नाही.

(दृश्य: फांदीची बाजू, मोजपट्टी)
प्रजाती कळली, जात बाजूच्या पेल्यांवर ठरते. मुरिकाटा जातीत ते नळीसारखे. जुन्या भारतीय याद्यांत हीच जात ‘फॉर्मोसा’ नावाने भेटते, त्यामुळे यादीत दोन नावं म्हणजे दोन जाती असं धरू नये. एका फोटोवर भागत नाही. अख्खी वसाहत, फांदी, शेंडा आणि बुंधा असे चार हवेत, मिलिमीटरच्या पट्टीसकट. तुटलेला शेंडा मोजू नका. जखमेपाशी नवे शेंडे फुटतात आणि मापं बिघडतात.

(दृश्य: प्रयोगशाळा, ब्लीचमधली फांदी)
तरीही शंका उरली तर नमुना लागतो. सगळे दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या परिशिष्ट 1 मध्ये आहेत, म्हणून परवानगी आधी. डीएनएसाठी फांदीचा छोटा तुकडा अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवायचा. ब्लीचमध्ये गेलेल्या तुकड्याचा त्या कामाला उपयोग नाही. उरलेली फांदी घरगुती ब्लीचच्या पाण्यात मांस सुटेपर्यंत बुडवायची, मग गोड्या पाण्याने खळखळून धुवायची. धुण्यात कसूर झाली तर पेल्यातले पडदे गाळात बुजतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही धड दिसत नाही.

(दृश्य: पांढरं पडलेलं रान)
1998, 2010, 2016. पाणी तापलं, आणि पहिला फटका बसला तो फांदीदार प्रवाळांना.

(दृश्य: नमुन्याची चिठ्ठी)
चिठ्ठीवर ठिकाण, खोली, तारीख, फोटोचे क्रमांक. जात पक्की नसेल तर ‘अॅक्रोपोरा, जात अनिश्चित’ एवढंच लिहायचं.