राजीनाम्यावर सही कोणाची?

[दृश्य: फर्ग्युसन रस्ता, रात्र. चहाच्या टपरीभोवती उभी मंडळी.]

सायन्स फिक्शन मालिकांचे पुण्यातले चाहते एकत्र आले, की चहा संपायच्या आत वाद सुरू होतो. सगळ्यात खोल मालिका कोणती? कोणी ‘वेस्टवर्ल्ड’चं नाव घेतं, कोणी ‘डार्क’चं. वयाने थोडे मोठे असतील ते ‘स्टार ट्रेक’ सोडायला तयार नसतात.

आपण आधी एक कसोटी ठरवू. पात्रं तोंडाने किती तत्त्वज्ञान बोलतात, याला फारसे गुण द्यायचे नाहीत. त्या प्रश्नापायी कोणाला काही गमवावं लागतं का, आपल्याच माणसाविरुद्ध उभं राहावं लागतं का, एवढंच बघायचं.

इथे ‘वेस्टवर्ल्ड’ अडखळते. २०१६चा पहिला सीझन देखणा होता. प्राचीन माणसाला स्वतःच्याच मनातला आवाज देवाची आज्ञा वाटायचा, ही ज्युलियन जेन्स या मानसशास्त्रज्ञाने १९७६ साली मांडलेली कल्पना तिथे यंत्रमानवांना लावली होती. अंगात येणं पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला ती फार समजावून सांगावी लागत नाही. पण पुढच्या सीझनमध्ये पात्रं एकमेकांना भाषणंच देत राहिली. वसंत व्याख्यानमालेत शोभलं असतं.

[दृश्य: रिकामं न्यायालय. टेबलावर पदकांची पेटी.]

आता १९८९. ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’च्या दुसऱ्या सीझनमधला ‘द मेझर ऑफ अ मॅन’ हा भाग. लेखिका मेलिंडा स्नॉडग्रास, पूर्वाश्रमीच्या वकील. अंतराळजहाजावरचा डेटा हा अधिकारी यंत्रमानव आहे. मॅडॉक्स नावाच्या शास्त्रज्ञाला त्याचे भाग सुटे करून अभ्यास करायचाय, म्हणजे तसे आणखी बनवता येतील. डेटा नकार देतो, राजीनामा देतो. त्यावर मॅडॉक्सचा सवाल असा, की यंत्र राजीनामा कसा देईल? ते तर स्टारफ्लीट या अंतराळ दलाच्या मालकीचं!

खटला उभा राहतो. दलाचा हा तळ नवा, वकील नाहीत. त्यामुळे डेटाविरुद्ध बाजू मांडायचं काम त्याच्याच मित्राच्या, रायकरच्या गळ्यात पडतं. रायकरने हात झटकले, तर न्यायाधीश सुनावणीशिवायच डेटाला मालमत्ता ठरवणार. म्हणजे मित्राला वाचवायचं, तर त्याच्याविरुद्ध मनापासून लढायचं. रायकर लढतो. डेटाचा हात काढून टेबलावर ठेवतो, मग बटण दाबून त्याला बंद करतो. निर्जीव बाहुल्यासारखा डेटा पुढे कलंडतो. आपण बरोबर ठरतोय, हे रायकरच्या चेहऱ्यावर दिसतं आणि तेच त्याला सहन होत नाही.

निकाल डेटाच्या बाजूने लागतो, पण कसा? त्याला आत्मा आहे की नाही, हे न्यायाधीशबाई ठरवतच नाहीत. आपल्याला तरी आहे का, हेही ठाऊक नसल्याचं सांगतात आणि हा शोध घेण्याचं स्वातंत्र्य डेटाला देतात. मला हा निकाल अजून धाडसी वाटतो.

[दृश्य: फर्ग्युसन कॉलेजची दगडी इमारत.]

याच कॉलेजात धर्मानंद कोसंबी पाली शिकवत. पालीतल्या मिलिंदप्रश्न या ग्रंथात नागसेन भिक्षू राजाला विचारतो: तू रथातून आलास ना, मग रथ कुठला ते दाखव. चाक म्हणजे रथ? आस म्हणजे रथ? राजा एकेका भागाला नाही म्हणत जातो. मॅडॉक्सने डेटाचे भाग मांडून ठेवले असते, तर त्याची गत याहून वेगळी झाली नसती. गंमत अशी, की नागसेन हाच न्याय स्वतःलाही लावतो. ‘नागसेन’ हे नुसतं नाव, आत कोणी वेगळा बसलेला नाही. एवढ्या टोकाला ‘स्टार ट्रेक’ जात नाही.

[दृश्य: हिंजवडी. कंपनीच्या फाटकातून बाहेर पडणारी गर्दी.]

२०२२ साली आलेली ‘सेव्हरन्स’ मात्र बरीच पुढे जाते. लुमन कंपनीतले काही कर्मचारी मेंदूत चिप बसवून घेतात. ऑफिसातल्या ‘मी’ला घर माहीत नाही, घरच्या ‘मी’ला ऑफिस. आतल्या माणसाच्या लेखी संध्याकाळची लिफ्ट बंद होते न होते, तोच दुसरा दिवस उजाडतो. झोप नाही, रविवार नाही. हिंजवडीतला प्रेक्षक इथे हसतो, पण जरा जपून.

आतली हेली राजीनामा मागते. उत्तर व्हिडिओवर येतं, बाहेरच्या हेलीकडून, म्हणजे तिच्याच चेहऱ्याने. मी माणूस आहे, तू नाहीस. निर्णय मी घेते. डेटाला निदान न्यायाधीश मिळाला, बाजू मांडणारा मिळाला. हिची मालकीण तीच, मग दाद कोणाकडे मागायची? माझ्या मते या सगळ्या मालिकांमधला हा सर्वांत कठीण प्रसंग आहे, आणि तो मिनिटभरात उरकतो.

‘डार्क’बद्दल थोडक्यात. २०१७ ते २०२०, जर्मन, सव्वीस भाग. योनास वडिलांची आत्महत्या टाळायला भूतकाळात जातो आणि त्याच्या जाण्यानेच ती घडते. बुद्धाच्या काळातल्या मक्खली गोसालाचा नियतिवाद आठवतो: फेकलेला सुताचा गुंडा संपेपर्यंत उलगडतच जाणार. कोडं अप्रतिम आहे. मात्र वंशावळ जुळवताना प्रेक्षक इतका दमतो, की रडायचं राहून जातं.

[दृश्य: लांब पांढरा कॉरिडॉर, टोकाला दार.]

‘सेव्हरन्स’चा दुसरा सीझन मार्च २०२५मध्ये संपला. पाहिला नसेल, तर इथेच थांबा.

शेवटी लुमनमधल्या मार्क या कर्मचाऱ्याचे दोन ‘मी’, आतला मार्क आणि बाहेरचा मार्क, व्हिडिओ रेकॉर्ड करकरून एकमेकांशी भांडतात. बाहेरच्याला बायको परत हवी आहे, ती इथेच कोंडलेली आहे. आतला विचारतो, ती सुटली आणि सगळं बंद पडलं, तर माझं काय? तो तिला सोडवतो, दारापलीकडे पाठवतो. ती काचेवर हात आपटून बोलावत राहते. तो पाठ फिरवतो आणि हेलीचा हात धरून पळतो.

नवऱ्याने बायकोला सोडलं, असं म्हणावं तर या मार्कचं तिच्याशी कधी लग्नच झालेलं नाही.