कॉलेज गोल्फचा रेझ्युमे: स्कोअरशेजारी काय लिहायचं?

मंडळी, रेझ्युमे म्हटलं की आपण लगेच प्रमाणपत्रांची फाइल काढतो. अमेरिकेतल्या कॉलेजच्या गोल्फ कोचला ती नको असते. त्याला एक पान पुरतं. शाळा कोणत्या वर्षी संपते ते अगदी वर, नावाला लागूनच लिहा. संघात जागा कधी रिकामी होणार हे त्याच्या डोक्यात पक्कं असतं. वर्ष जुळत नसेल तर तो पुढचं कशाला वाचेल?

आता स्कोअर. स्कोअर म्हणजे एकूण फटके, जितके कमी तितकं चांगलं. पण ‘७४’ एवढंच लिहिलं तर काही कळत नाही. समजा, दोन मुली ७४ खेळल्या. एकीच्या टीचं (पहिला फटका मारायच्या जागेचं) कोर्स रेटिंग ६९.८, दुसरीचं ७४.६. रेटिंग म्हणजे शून्य हँडिकॅपच्या खेळाडूकडून तिथे साधारण अपेक्षित असलेला स्कोअर. (हँडिकॅप म्हणजे खेळाडूची पातळी सांगणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला.) पहिली त्याच्या चार फटके वर गेली, दुसरी खाली राहिली. म्हणून प्रत्येक स्कोअरशेजारी स्पर्धा, कोर्स, यार्ड, रेटिंग आणि कितीजणींत कितवी आली ते हवंच. क्लबात रविवारी मित्रमंडळींबरोबर खेळलेला राउंड यात घालू नका.

नुसत्या हँडिकॅपवरही विसंबू नका. तो शेवटच्या वीस राउंडपैकी सर्वोत्तम आठांवरून निघतो, म्हणजे वाईट दिवस त्यात दिसतच नाहीत. कॉलेजच्या स्पर्धेत सहसा पाचजण खेळतात आणि रोज त्यातल्या सर्वांत चांगल्या चौघांचे स्कोअर धरले जातात. वाईट दिवशीही ७६-७७ वर थांबणारा खेळाडू कोचला हवा असतो. म्हणून ८२ लपवू नका, मी हे अगदी कळकळीनं सांगतोय. स्पर्धांचे निकाल ऑनलाइन असतात, कोच ते बघतो, आणि गाळलेला राउंड सापडला की बाकीच्या पानावरचाही त्याचा विश्वास उडतो.

फटके मारतानाचा व्हिडिओ दोनेक मिनिटांचा, समोरून आणि मागून, संगीत न लावता. मेल मात्र मुलानंच लिहायचा. त्याचं इंग्रजी अडखळलं तरी चालेल, पण आईबाबांनी लिहिलेला मेल ओळखू येतो.

अमेरिकेत कॉलेजच्या खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेत डिव्हिजन वन, टू आणि थ्री असे तीन गट असतात. त्यातल्या फक्त डिव्हिजन वनच्या मागे लागू नका. आपला गोल्फर जीव मिल्खा सिंग अमेरिकेतल्या ॲबिलीन ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत शिकला आणि १९९३ साली एनसीएएच्या डिव्हिजन टूचा वैयक्तिक विजेता झाला. डिव्हिजन थ्रीत खेळाची शिष्यवृत्ती नसते, पण मार्कांवर मदत मिळू शकते. त्यामुळे जीपीएची (शाळेतल्या मार्कांच्या सरासरीची) ओळ पानाच्या तळाशी ढकलू नका.

आणि उत्तर आलं नाही म्हणून खचू नका. दहावीचं वर्ष संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत डिव्हिजन वनच्या कोचला भरतीबद्दल मुलांशी बोलायची परवानगीच नसते. मेल तो वाचू शकतो. तोवर चांगली स्पर्धा झाली की त्याच पानात नवी ओळ घालून पाठवत राहा.